घडीची जुनी बंदूक : वरचे नाव नको, खालचा शिक्का वाचा

कापडाच्या धंद्यात मुलगा गादीवर बसायला लागला की थोरली माणसे त्याला एक गोष्ट आधी शिकवतात. थानावरच्या चकचकीत लेबलाला भुलायचे नाही. थान उलगडायचे, किनार पाहायची, शेवटाला मारलेला मिलचा शिक्का वाचायचा आणि मगच भाव बोलायचा. हा धडा एखाद्या बंदुकीच्या बाबतीत उपयोगी पडेल असे मला कधी वाटले नव्हते. पण तसा प्रसंग आला, आणि आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांवरही तो केव्हाही येऊ शकतो, म्हणून हा लेख.

जव्हार, मोखाडा, खोडाळा या भागात माझे बरेच जुने गिऱ्हाईक आहे. उधारी वसुलीसाठी जव्हारला गेलो असता एका ओळखीच्या दुकानदाराच्या मुलाने मला घरी नेले. त्याचे वडील काही आठवड्यांपूर्वीच अल्लाहला प्यारे झाले होते. मरहूमांच्या पेटीत मलमलच्या धोतरात गुंडाळलेली एक बंदूक निघाली. मधोमध मोडून घडी होणारी, एका नळीची. सोबत वडिलांच्या नावाचा परवाना होता. घरात सगळे सांगत, ही संस्थानच्या वेळची, लंडनची बंदूक आहे, सव्वाशे वर्षांची.

मुलगा म्हणाला, "चाचा, तिघे जण येऊन गेले. भंगारवाला किलोच्या हिशेबाने मागतो. शहरातला एक माणूस रोख मोठी रक्कम देतो म्हणतो, पण कागद काही नको म्हणतो. आणि आपला वेल्डिंगवाला म्हणतो, आधी घासून पॉलिश करून देतो, मग दुप्पट येतील. काय करू?"

मी म्हटले, "बेटा, तिघांनाही थांबव. आधी माल कोणता आहे ते पाहू, आणि त्याच दिवशी कागदाचे काम करू."

या भागात बंदुका कुठून आल्या?

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे तालुके त्यात गेले. सगळा मुलूख डोंगर आणि जंगलाचा. शिकार, पिकाची राखण आणि घराची राखण, या तिन्ही कारणांनी इथे परवान्याच्या बंदुका असत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा काळ संपला. बंदुका मात्र पेट्यांत राहिल्या. आता त्या बाळगणारी पिढी जात आहे आणि मुलांच्या हाती वस्तू येते, पण तिची माहिती येत नाही.

घडीची बंदूक म्हणजे काय?

मागून काडतूस भरायची साधी एकनळी बंदूक उघडली की नळी थोडी खाली झुकते आणि थांबते. घडीच्या बंदुकीची बिजागरी मोकळी असते. नळी पूर्ण खाली येऊन दस्त्याला टेकते आणि बंदूक जवळजवळ निम्म्या लांबीची होते. त्यासाठी नळीखालचा लाकडी भाग फार बारीक ठेवतात किंवा ठेवतच नाहीत. कुलूप उघडायची पट्टी बहुधा चापाच्या कड्याजवळ असते.

दोन भाग सुटे करून पेटीत ठेवायची बंदूक वेगळी. तिच्यात नळी हातात निघून येते. घडीच्या बंदुकीत ती बिजागरीला जोडलेलीच राहते.

इंग्लंडमध्ये अशा बंदुकीला चोरट्या शिकाऱ्याची बंदूक म्हणत, कारण ती कोटाखाली लपत असे. पण सगळ्या घडीच्या बंदुका चोरांसाठी बनल्या असे समजू नये. सायकलवरून जाणारा, शेतावर राहणारा, डोंगरात गुरे राखणारा माणूसही ती घेत असे. स्वस्त आणि हलकी असल्याने तिचा खप मोठा होता. बेल्जियममधील लिएज, इटलीतील गार्दोने, स्पेनमधील एइबार आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅम ही एकनळी बंदुकांची मोठी गावे.

नंबराचा हिशेब सुतासारखा

"बारा बोर" हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण अर्थ थोड्यांना ठाऊक असतो. आपल्या सुताच्या नंबराशी ताडून पाहा. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणून नंबर मोठा तितके सूत बारीक. बंदुकीतही हाच हिशेब आहे. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो १२ बोरचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. १६ बोर त्याहून बारीक, २० बोर आणखी बारीक. याला एक अपवाद आहे. "४१०" हा नंबर गोळ्यांचा नसून इंचाच्या हजाराव्या भागांचा आहे. ही नळी सुमारे साडेदहा मिलिमीटरची असते आणि घडीच्या बंदुकांत ती पुष्कळ आढळते.

वरचे नाव का फसवते?

नळीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत जे नाव असते ते नेहमी बनवणाऱ्याचे नसते. कित्येकदा ते विकणाऱ्याचे असते. कलकत्त्याच्या मँटन आणि रोडा या पेढ्या, मुंबईतील आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स यांच्यासारखी दुकाने आपल्या नावाने बंदुका विकत. माल कधी बर्मिंगहॅमचा, कधी दुसऱ्या ठिकाणचा. आपल्या बाजारातही थान एका मिलचे आणि शिक्का दुकानदाराचा हा प्रकार जुनाच आहे.

याच घोटाळ्यासाठी इंग्रज सरकारने १८८९ साली मर्चंडाइज मार्क्स कायदा केला. कापडवाल्यांना तो ठाऊक असायला हवा, कारण थानावर वारांची लांबी छापण्याची सक्ती याच कायद्याने आली. त्याच कायद्याने असेही ठरवले की इतर देशात बनलेल्या मालावर इंग्रजी व्यापाऱ्याचे नाव असेल तर माल कुठल्या देशाचा ते स्पष्ट दिसले पाहिजे. म्हणून नळीवर "मेड इन बेल्जियम" अशी अक्षरे दिसली तर बंदूक बहुधा त्या काळानंतरची.

नावाशिवाय "लंडन फाइन ट्विस्ट" असले शब्दही कोरलेले असतात. ती जाहिरात आहे, दाखला नाही. लोखंड आणि पोलाद पिळून बनवलेल्या नळीवर लहरीसारखी नक्षी दिसते, तिला दमास्कस नळी म्हणतात. पण साध्या पोलादी नळीवर वरून तशी नक्षी उठवलेला मालही भरपूर विकला गेला. विणलेली बुट्टी आणि छापलेली बुट्टी यांतला फरक आपल्याला कळतो, तसाच हा फरक. खऱ्या नळीत नक्षी धातूच्या अंगात असते, खोट्या नळीत ती वरच्या थरापुरतीच असते.

खरी साक्ष नळीच्या पोटाखाली

युरोपात बंदूक विकण्यापूर्वी तिच्या नळीत जास्तीची दारू भरून ती उडवून पाहत. टिकली तर सरकारमान्य चाचणीघर तिच्यावर शिक्का मारीत असे. हे शिक्के बंदूक उघडल्यावर नळीच्या मागच्या भागाच्या खालच्या बाजूला आणि तिच्या समोरच्या लोखंडी भागावर दिसतात. बंद असताना ते झाकलेले असतात, म्हणून बहुतेक घरांत ते कोणी पाहिलेलेच नसतात. प्रत्येक देशाचे शिक्के वेगळे आहेत आणि ते वेळोवेळी बदलले आहेत. त्यामुळे गाव आणि काळ दोन्ही त्यांतून निघतात.

बेल्जियम : लिएजचे चाचणीघर १६७२ सालच्या हुकमापासूनचे. ओळखीचा शिक्का म्हणजे अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही इंग्रजी अक्षरे. १८९३ पासून या चौकटीवर मुकुट आला. मुकुट नसेल तर बंदूक त्याआधीची. सोबत एका खांबाचा लहान ठसा असतो. लिएज शहरातील दगडी खांबाचे ते चित्र आहे. सिंह आणि त्याखाली पी, व्ही ही अक्षरे असतील तर नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. हा शिक्का १८९८ पासूनचा. १९२२ पासून वर्षासाठी एक अक्षर मारू लागले. इथे एक सावधगिरी ठेवा. ज्या अक्षराच्या डोक्यावर चांदणी असते ते वर्षाचे नव्हे, तपासनिसाचे अक्षर आहे. चांदणीची पद्धत १८७७ पासूनची, त्याआधी मुकुट असे.

इंग्लंड : बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ सालचे. १९०४ पर्यंत तिथे एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड आणि मुकुट असा शिक्का होता. १९०४ पासून मुकुटाखाली बी, पी आणि बी, व्ही ही अक्षरे आली. "नॉट फॉर बॉल" असे शब्द असतील तर काळ १८७५ ते १८८७. चौकोनी हिऱ्यात १२ आणि सी असेल तर १८८७ नंतरचा. १९२५ पासून बोर .७२९ अशा दशांशात लिहू लागले, आणि १९५४ पासून दाबाचा आकडा टनांत आला.

इटली : दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीने वर्ष रोमन आकड्यांत लिहायला सुरुवात केली. १९४५ म्हणजे एक. त्यामुळे दोन फुल्यांचा वीस हा आकडा असेल तर १९६४. १९७५ पासून दोन अक्षरांची पद्धत आली, पहिली जोडी ए, ए.

स्पेन : एइबारच्या चाचणीघराने १९२७ पासून वर्षाला अक्षर दिले, त्या वर्षाचे अक्षर ए.

हिंदुस्थान : आपल्याकडे मुंगेरची कारागिरी प्रसिद्ध आहे. बंगालचा नवाब मीर कासिम याने १७६२ च्या सुमारास राजधानी मुंगेरला नेली आणि त्याचा सेनापती गुर्गिन खान याने तिथे शस्त्रांचे कारखाने उभे केले. त्या परंपरेतले परवानाधारक कारखाने पुढे १२ बोरच्या एकनळी आणि दोननळी बंदुका बनवीत आले. अशा बंदुकीवर कारखान्याचे नाव, गाव आणि नंबर असतो. युरोपचा एकही शिक्का नाही आणि वर मात्र इंग्रजी वळणाचे मोठे नाव, असे दिसले तर वस्तू युरोपची मानू नये.

एक सोपी खूणही ध्यानात ठेवा. युरोपच्या मुख्य भूमीवर माप मिलिमीटरमध्ये लिहीत, म्हणजे १८.४ असा आकडा. इंग्लंडमध्ये बोरचा नंबर किंवा इंच. गजाचे थान आणि मीटरचे थान जसे ओळखू येते, तसेच हे.

जव्हारच्या बंदुकीचे काय निघाले?

सूत मोजायचे भिंग माझ्या खिशात नेहमी असते. मुलाने नळीत काडतूस नाही याची खात्री करून बंदूक उघडून धरली. मी हात लावला नाही, फक्त वाचले. वरती पाठीवर लंडनचे नाव होते. खाली अंडाकृतीत ई, एल, जी, त्यावर मुकुट. म्हणजे लिएज, आणि १८९३ नंतर. सिंह आणि पी, व्ही. म्हणजे १८९८ नंतर. चांदणीचे एक अक्षर, ते तपासनिसाचे. आणि त्यापासून अलग, चांदणी नसलेले एक लहान अक्षर. म्हणजे १९२२ किंवा त्यानंतर. माप मिलिमीटरमध्ये.

सव्वाशे वर्षांची लंडनची बंदूक शंभरीच्या आसपासची किंवा त्याहून लहान आणि बेल्जियमची निघाली. मुलाचा चेहरा उतरला. मी म्हटले, "वडिलांनी खोटे सांगितले असे नाही. त्यांनी वरचे नाव वाचले. लेबल वाचून माल घेणारा माणूस खोटारडा नसतो." ती संस्थानकाळातली असू शकते, कारण संस्थान १९४८ पर्यंत होते. पण संस्थानातून मिळाली हे शिक्का सांगू शकत नाही. त्यासाठी कागद लागतो.

कारागिरांनी पॉलिश का करू नये?

आता वेल्डिंगवाल्याच्या सल्ल्याकडे येऊ. घासलेल्या नळीवरचे शिक्के पुसले की बंदुकीचा जन्मदाखला जातो आणि तिची किंमत उतरते. हे झाले धंद्याचे नुकसान. कायद्याचे त्याहून मोठे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ८ सांगते की बंदुकीवरचे नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसू किंवा बदलू नये. कलम ५ प्रमाणे बंदुकीची खरेदी-विक्री तर सोडाच, दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणे, विकणे, दुरुस्त करणे यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. नुसती विनापरवाना बाळगणाऱ्याला दोन ते पाच वर्षे.

माझ्या वेल्डिंगवाल्या, लोहार, खरादवाल्या आणि भंगारवाल्या भावांनी हे नीट लक्षात घ्यावे. बिजागरी सैल झाली, जरा टाका मारून दे, असे म्हणत ओळखीचा माणूस येतो. दोनशे रुपयांच्या कामासाठी सात वर्षे पणाला लागतात. नळी कापून आखूड करून देणे हाही तितकाच गंभीर गुन्हा आहे. असे काम आले तर हात जोडून परत पाठवा.

वारसाने काय करावे?

पहिले काम जमा करण्याचे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नव्हे. परवानाधारक वारला की वारसाने उशीर न लावता बंदूक आणि उरलेली काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावीत. कलम २१ मध्ये ही तरतूद आहे. पावतीवर बंदुकीचा नंबर, बोर, वरचे नाव आणि खालचे शिक्के लिहून घ्यावेत. शिक्क्यांचा फोटो किंवा कागद ठेवून पेन्सिलीने उमटवलेला ठसा आपल्याजवळ राहू द्यावा. पुढे विक्रेत्याकडे किंमत विचारायला जाताना हा कागद न्यावा, बंदूक नेऊ नये.

दुसरे, जमा केली म्हणजे गेली असे नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना मिळवला तर ती परत मिळते, किंवा परवानाधारक माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत गेली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे, त्यासाठी इतर वारसांची ना-हरकत लागते. जव्हार-मोखाड्याच्या लोकांनी अर्ज पालघरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करायचा आहे. परवाना २०१४ पूर्वीचा असेल तर जुनी नोंद ठाणे जिल्ह्याच्या दप्तरात शोधावी लागेल. संस्थानी दरबारचा कागद असेल तर जपून ठेवा, तो इतिहास आहे, पण आजचा परवाना नाही.

तिसरे, "जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही" या बोलण्यावर जाऊ नये. कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्त करूनही चालण्यासारखे नसावे, अशी अट जोडलेली आहे. १२ बोरचे काडतूस आजही मिळते. त्यामुळे शंभर वर्षांची घडीची बंदूकही कायद्याच्या नजरेत चालती बंदूकच ठरते.

आणि चौथे, परवाना झाला तरी जुन्या नळीत आजचे काडतूस घालायची घाई नको. जुन्या बंदुकांतली काडतुसाची जागा पुष्कळदा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते, तर आज ७० मिलिमीटरची काडतुसे सर्रास मिळतात. लांब काडतूस आखूड जागेत उघडले की दाब वाढतो. दमास्कस नळी आणि बिनधुराची दारू ही जोडी तर फार धोक्याची. परवानाधारक बंदूकसाजाकडून तपासल्याशिवाय चाप ओढू नये.

त्या दिवशी दुपारीच आम्ही दोघे मिळून पोलीस ठाण्यात गेलो. परवाना, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि बंदूक पुढे ठेवली. पावती लिहिताना मी शिक्के एक एक करून सांगितले आणि ते उतरवून घेतले गेले. भंगारवाला, शहरी गिऱ्हाईक आणि वेल्डिंगवाला, तिघांनाही मुलाने त्याच संध्याकाळी नकार कळवला. बंदूक ठेवायची की विकायची हे आता तो भावा-बहिणींना विचारून ठरवील. ती त्या सर्वांची अमानत आहे, आणि आता तिला नाव, गाव आणि पावती आहे.